‘दास बूट’मध्ये तळाला बसलेली पाणबुडी पुन्हा वर येते, हे खरंच शक्य आहे का?

तुम्ही विचारलंय, की ‘दास बूट’ या दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुडीवरच्या जर्मन सिनेमात जिब्राल्टरजवळ २८० मीटर खाली जाऊन बसलेली पाणबुडी आतल्या आत दुरुस्त होऊन वर येते, हे पटण्यासारखं आहे की दिग्दर्शकाने आपली सोय पाहिली आहे?

मी पाणबुडीवाला नाही. वीज उपकेंद्रातल्या बॅटरी बँकेची देखभाल हे माझं रोजचं काम. तेवढ्याच अधिकारात सांगतो: बरंचसं पटतं. आणि बघणाऱ्याला जो भाग कंटाळवाणा वाटतो, तोच सगळ्यात जास्त पटतो.

डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली ते बंद. मोटर, पंप, दिवे, सगळा भार लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर. त्या जातीच्या जर्मन पाणबुडीत, म्हणजे ‘टाइप ७ सी’मध्ये, एकूण १२४ सेल असत, पायाखालच्या फळ्यांच्या खाली दोन कप्प्यांत बसवलेले. सेल एकामागोमाग एक जोडलेले असले की दिवाळीच्या जुन्या माळेसारखी गत होते, एक गेला की अख्खी ओळ अडते. यावर त्यांनी जो उपाय केला तोच आम्ही आजही करतो. निकामी सेल वगळायचा आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा सेल जंपर, म्हणजे तारेचा जोडतुकडा, टाकून थेट जोडायचा. व्होल्टेज थोडं पडतं, पण काम चालू राहतं.

फरक परिस्थितीचा. आमच्याकडे हे काम करताना दोन माणसं, रबरी हातमोजे, टेप गुंडाळलेला पाना आणि एक्झॉस्ट पंखा चालू. तिथे माणूस फळ्यांखाली आडवा होऊन सरपटतोय, सेल फुटून अ‍ॅसिड सांडलंय, आणि बोटीत समुद्राचं पाणी शिरतंय. खारं पाणी चार्ज असलेल्या सेलमध्ये गेलं की क्लोरीन सुटतो. खिडकी उघडायची सोय नाही. त्यात जोडायला पुरेशी तार कुठून आणायची हाही प्रश्न. आमच्या घरी या प्रसंगाला ‘आता काही घडतच नाहीये’ म्हणून सगळे मोबाइलमध्ये गेले होते. मी जागचा हललो नाही.

पाण्याचं गणितही चुकीचं नाही. २८० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण २८ किलोचा दाब. एवढ्या दाबाविरुद्ध पाणी बाहेर फेकणं नेहमीच्या पंपाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून ते आधी आतल्या टाकीत जमवायचं आणि मग साठवलेल्या दाबाच्या हवेने बाहेर रेटायचं. हवेचा साठा मोजकाच, त्यामुळे प्रयत्न एकच. इथे नाट्य कुणी वरून घातलेलं नाही, यंत्रातच ते आहे. ज्यांना काम नाही त्यांनी बंकवर पडून राहायचं आणि कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या डब्याच्या नळीतून श्वास घ्यायचा, हेही तेव्हाच्या पद्धतीला धरून आहे.

न पटणारी गोष्ट म्हणाल तर सिनेमात पाण्याच्या दाबाने बंदुकीच्या गोळीसारखे सुटणारे बोल्ट. पाणबुडीचं दाब सोसणारं कवच वेल्डिंगचं, सुमारे साडेअठरा मिलिमीटर जाडीचं असे. आतल्या पाइपांच्या जोडावरचे बोल्ट तुटू शकतात, पण इतक्या हौसेने उडणार नाहीत. दिग्दर्शक पेटरसनला एवढी सूट देऊन टाका.

इतिहास विचाराल, तर सिनेमातली यू-९६ ही खरी पाणबुडी होती आणि ज्याच्या कादंबरीवर सिनेमा बेतलाय तो बुखहाइम १९४१ मध्ये वार्ताहर म्हणून तिच्यावर होता. जिब्राल्टरकडे जाताना विमानाच्या हल्ल्यात तिचं नुकसान झालं आणि ती मागे फिरली. तळाशी बसण्याचा प्रसंग रचलेला. मात्र तिचा खरा कप्तान लेहमान-विलेनब्रोक चित्रीकरणाला सल्लागार होता, ते जाणवतं.

सिनेमात मला सगळ्यात आवडलेला माणूस जोहान, डिझेल इंजिनांजवळ राहणारा मेकॅनिक. डेप्थ चार्जच्या, म्हणजे पाण्यात खोलवर फुटणाऱ्या बॉम्बच्या, माऱ्यात त्याचं डोकं फिरतं, तो जागा सोडून पळतो आणि कप्तान पिस्तूल आणायला जातो. पुढे तळाशी गेल्यावर हाच जोहान पाण्यात उतरून गळती बंद करतो. त्यावर कुणी भाषण देत नाही. चीफ इंजिनिअर तेलाने माखलेल्या चेहऱ्याने येऊन काय काय दुरुस्त झालं ते एकेक सांगतो, शिफ्ट संपताना आपण वहीत लिहितो तसं. कप्तान त्यावर म्हणतो काय, तर माणसं चांगली लागतात.

आता अशा अडकलेल्यांना बाहेर काढायची सोय बरीच सुधारली आहे. मुंबईत माझगाव डॉकने बांधलेल्या ‘शल्की’ आणि ‘शंकुल’ या पाणबुड्या जर्मन आराखड्याच्याच. त्यांत सगळ्या खलाशांना घेऊन सुटून वर येणारा पोलादी गोल बसवलेला आहे. शिवाय २०१८ मध्ये आपल्या नौदलाच्या ताफ्यात खोल पाण्यात जाऊन सुटका करणारं वाहन मुंबईत दाखल झालं, ते ६५० मीटरपर्यंत जाऊ शकतं. यू-९६ वाल्यांकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून पाना हातात घेण्याला पर्याय नव्हता.

पुन्हा बघणार असाल तर १९९७ची साडेतीन तासांच्या आसपासची आवृत्ती घ्या, जर्मन आवाज आणि सबटायटल्स लावून. सुरुवातीचा भाग पुढे ढकलू नका. कोण कुठे झोपतो, बॅटरीचा कप्पा कुठल्या बाजूला, इंजिनघर कुठे, हे तिथेच डोक्यात बसतं. मग तळाशी अंधारात कोण कुठल्या दिशेने धावतोय ते आपोआप कळतं.