इंजिन खोलायच्या आधी हे बघा

गाळप हंगाम तोंडावर आलाय त्यामुळं या महिन्यात पत्रं जवळपास सगळी जुन्या ट्रकांचीच आलीत. बऱ्याच पत्रांत एकच गोष्ट दिसली, गाडीत काय बिघडलंय हे तपासायच्या आधीच कुणीतरी मोठा खर्च सांगून मोकळा झालाय. म्हणून यावेळी उत्तरं जरा सविस्तर देतोय.

प्रश्न : नमस्कार मिस्त्री, माझ्याकडं १९९८ ची टाटा १६१३ आहे, ६९७ टर्बो इंजिन, दरवर्षी उसाला लावतो. आता चढाला काळा धूर मारते, ओढ राहिली नाही. गॅरेजवाले म्हणतात फुल इंजिन करा, लाईनर पिस्टन सगळं. पैसे जुळवायचे का? (ऊस वाहतूकदार, शिरोळ)

दादा, थांबा. गाडी ऑईल किती खाते ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि फुल इंजिनचा निर्णय आधी त्याच्यावर असतो. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही, एकतर हवा कमी पडतेय नाहीतर डिझेल जास्त पडतंय. रिंगा लाईनर गेले की धूर निळसर येतो, ऑईल घटतं आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, वाफ जोरात फेकते. इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण काढून बघा, तिथून भकाभका धूर येत नसेल आणि ऑईलची पातळी टिकत असेल तर फुल इंजिनची घाई कशाला?

सुरुवात हवेपासून करा. एअर फिल्टर काढून बघा, उसाच्या फडातली धूळ साधी नसते, एका हंगामात फिल्टर बसतो. तो नुसता झटकून परत घालू नका, नवीन टाका. मग टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे होज आणि क्लिपा हाताने चाचपा, होजला चीर असली की टर्बोने दाबलेली हवा बाहेर जाते आणि पंप मात्र तेवढंच डिझेल देत राहतो, झाला काळा धूर. इंजिन बंद असताना टर्बोचा पंखा बोटाने फिरवून बघा, बाजूला किंचित हलला तर चालतं पण पुढे मागे सरकत असेल किंवा घासत असेल तर टर्बोचं काम आहे, इंजिनचं नाही.

हवा ठीक असली तर नोझल काढून टेस्टिंगला द्या. फवारा धुक्यासारखा पडायला पाहिजे, धार पडत असेल किंवा थेंब गळत असेल तर डिझेल जळणार कसं? सोबत टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, मॅन्युअलप्रमाणे फिलर गेजने लावून घ्या, अंदाजाने नको. आणि महत्त्वाचं, पंप कुणी वाढवलाय का ते विचारा. ओढ कमी वाटली की पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून देणारे पुष्कळ आहेत, चार दिवस गाडी पळते, मग धूर, मग गरम, मग पिस्टनच वितळतो. पंप बेंचवर कॅलिब्रेट करूनच घ्या.

एवढं सगळं करून ओढ आली नाही तर सहाही सिलेंडरचं कॉम्प्रेशन गेजने मोजा आणि आकडे लिहून मागा. एखाददुसराच कमी आला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेटचं काम निघू शकतं, सगळेच पडले असतील तर मग खरंच पैसे जुळवा. आणि तेव्हाही गाडी भंगारात काढायची घाई करू नका. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डाइम्लर-बेंझचा करार १९५४ चा, त्या मर्सिडीज घराण्यातलं हे ५६७५ सीसीचं इंजिन, आपल्याकडं इतकं चाललंय की त्यावर हात बसलेला मिस्त्री तालुक्याच्या गावात सुद्धा सापडतो. मला हे इंजिन फार आवडतं, नीट ठेवलं तर दगा देत नाही.

प्रश्न : पाण्याचा टँकर आहे, उन्हाळ्यात गरम होत होता म्हणून मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून टाकला. आता सकाळी बराच वेळ पांढरा धूर असतो आणि दुपारी भरून चढ लागला की काटा परत वर जातो. (आष्टी, जि. बीड)

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की उघडणारा व्हॉल्व्ह, तो आधी परत बसवा. आपल्याकडं हा उपाय सर्रास करतात आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट उघडा असतो तेव्हा बहुतेक इंजिनांत तोच बायपासची वाट बंद करून पाणी रेडिएटरकडं लावतो, तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्यातला काही भाग रेडिएटरला न जाता तसाच इंजिनात फिरतो, म्हणून चढाला काटा वर. आणि सकाळी इंजिन तापतच नाही म्हणून डिझेल कच्चं बाहेर पडतं, त्यात रिंगा झिजतात, ऑईल पातळ होतं, अ‍ॅव्हरेज पण पडतं. जुना थर्मोस्टॅट खराब आहे का हे बघायला पातेल्यात पाण्यासोबत तापवा, त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडला तर चांगला आहे.

तुमचं खरं दुखणं मला रेडिएटरमध्ये दिसतंय. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं टाकलं की आत क्षार बसतात, नळ्या बुजतात. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळी घालून सफाई) करून घ्या, बाहेरची जाळी पंख्याच्या बाजूने हलक्या पाण्याने धुवा, पट्टा ढिला आहे का बघा आणि यापुढं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच टाका, बोअरचं पाणी नको. हे करून पण तापली तर सकाळी थंड इंजिनवर झाकण उघडून गाडी चालू करा, पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर हेड गॅसकेट. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कुणीही उघडू नका, क्लीनर पोरांना तर बजावून सांगा, तोंड भाजतं.

प्रश्न : थंडीत सेल्फ मारला की नुसतं कण्हतं. दोन बॅटऱ्यांपैकी एक नवीन टाकली तरी तेच. (कांदा वाहतूक, लासलगाव)

चोवीस व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, एक जुनी एक नवी चालत नाही, जुनी कमी चार्ज घेते आणि नवीला पण घेऊन बसते. जोडी एकसारखी बदला. पण त्याच्या आधी टर्मिनल घासून साफ करा आणि इंजिन ते चॅसिस जी अर्थची पट्टी असते ती बघा, ती गंजलेली असली की सेल्फ असाच कण्हतो आणि लोक उगाच सेल्फ उतरवून वाइंडिंगला देतात.

प्रश्न : चिरा भरून आंबा घाट चढतो, येताना सिमेंट असतं. रात्री गाडी लावली की सकाळी ब्रेकची हवा शून्य, आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढते. पासिंग झालंय दोन महिन्यांपूर्वी. (साखरपा)

भाऊ, हे पत्र वाचून मला काळजी वाटली. आधी सांगतो, हे दुरुस्त होईपर्यंत भरलेली गाडी घाटात उतरवू नका. आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस असतं पण त्या दिवशी ब्रेक लागला म्हणजे पुढं वर्षभर लागेल असं नसतं.

हवा शोधायची पद्धत सोपी आहे. सपाट जागी चाकांना ओट (अडसर) लावा, हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा आणि पायडल न दाबता काटा बघत बसा. उतरला तर टाकी, पाईप, जॉइंट किंवा व्हॉल्व्ह गळतोय. मग कुणालातरी पायडल दाबून धरायला सांगा, आता जास्त वेगाने उतरला तर चेंबरचा डायफ्रॅम, होज किंवा फूट व्हॉल्व्ह. साबणाचं पाणी लावलं की फुगे जागा दाखवतात. टाक्या रोज संध्याकाळी ड्रेन करा, पाण्यासोबत काळं ऑईल येत असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्यात आणि तेच ऑईल व्हॉल्व्हांची रबरं खातंय.

एका बाजूला ओढणं म्हणजे दोन्ही बाजूचे ब्रेक सारखे लागत नाहीत. डावीकडं ओढते म्हणून डावं चाक खोलू नका, बहुतेक वेळा उजवं कमी धरत असतं. हबचं ऑईल सील फुटून ब्रेकचे लायनर ओले झालेत का बघा, ओले लायनर पेट्रोलने धुऊन परत वापरायचे नाहीत, अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूचे एकदम बदलायचे. स्लॅक, म्हणजे ब्रेकची फट, लावताना चाक उचलून लायनर टेकेपर्यंत घट्ट करा आणि मग चाक मोकळं फिरेल एवढंच मागे घ्या. हँडब्रेकचा जो स्प्रिंगचा चेंबर असतो त्याची क्लिप किंवा बोल्ट रस्त्यावर कधीच खोलू नका, आतली स्प्रिंग इतक्या ताकदीने दाबलेली असते की सुटली तर माणूस जातो, तो चेंबर पूर्ण बदलायचा.

आणि उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायची सवय ड्रायव्हरला असेल तर ती आजच बंद करा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरायचा.

प्रश्न : आमच्या खडीच्या डंपरच्या चॅसिसला मागच्या कमानीच्या ब्रॅकेटपाशी तडा गेलाय. वेल्डिंगवाला म्हणतो तासाभरात पट्टी मारून देतो. चालेल का? (एक भगिनी, वाघोली)

ताई, तासाभराच्या पट्टीने चालणार नाही. नुसती वरून पट्टी मारली की काही दिवसांनी पट्टीच्या कडेला नवीन तडा जातो. तडा जिथं संपतो तिथं आधी ड्रिलने भोक पाडून तो थांबवावा लागतो, मग तडा ग्राइंडरने खोल उघडून ७०१८ नंबरच्या कोरड्या वेल्डिंग रॉडने भरायचा, चॅसिसच्या वरच्या खालच्या कडांवर आडवं वेल्डिंग टाळायचं. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि डायनॅमोच्या वायरी सोडवा, डिझेल टाकी लांब करा, अर्थ तड्याजवळच लावा. हौदा वर उचलून काम असेल तर नुसत्या जॅकवर कुणालाही खाली जाऊ देऊ नका, लोखंडी टेकू लावलाच पाहिजे.

पण तडा का गेला ते शोधल्याशिवाय वेल्डिंगचे पैसे घालू नका. यू बोल्ट ढिले असतील, मेन पाटा तुटला असेल किंवा हौदा आणि चॅसिसमधली लाकडी पट्टी कुजून वजन एकाच जागी येत असेल. कमानीच्या ब्रॅकेटचे रिव्हेट पण ठोकून बघायला सांगा. तडा ब्रॅकेटच्या भोकातूनच निघाला असेल तर ते काम साध्या वेल्डिंगवाल्याचं नाही, चॅसिसचंच काम करणाऱ्याकडं गाडी न्या, आणि तोपर्यंत डंपर उभा ठेवा.