चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो

जूनमध्ये, पाऊस नुकता धरला होता तेव्हा, फोंड्याजवळच्या एका गावातून एक जोडपं माझ्याकडे आलं. पाळीची नोंद ठेवून दिवस कसे ओळखायचे, हे मी शिकवते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ती 29 वर्षांची. तो वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीपाळीनं रात्रपाळी करणारा. मुलासाठी प्रयत्न सुरू करून 14 महिने झाले होते. तिनं पर्समधून घडी घातलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. पाळी सुरू झाल्यापासून 21व्या दिवशी केलेली रक्ततपासणी. अंडं फुटल्यावर वाढणारं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, 0.6.

"मॅडम, यात म्हणे अंडं फुटलेलं दिसत नाही. अंगावरून पांढरंही जातं, त्यावर दोनदा औषध झालं. सासूबाई म्हणतात, त्यानंच अंगातली ताकद जाते. माझ्यातच दोष आहे ना?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो, बहुधा याच शब्दांत.

मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, पाळी किती दिवसांनी येते? "पस्तीस. कधी चौतीस, कधी सदतीस." मोबाइलमधल्या ॲपनं मात्र 14व्या दिवसावर फुली मारून ठेवली होती. दोघं 12 ते 16 एवढेच दिवस धरून चालले होते. त्यानंतर "आता उपयोग नाही" म्हणून जवळही येत नव्हते. हे सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता.

खरी गल्लत इथेच होती. अंडं फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ एका बाईत महिन्यामागून महिना बराचसा सारखा राहतो, साधारण 12 ते 14 दिवस. लांबतो किंवा आखडतो तो त्याआधीचा काळ. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या दोन डॉक्टरांनी 1920च्या दशकात वेगवेगळं काम करून हे ओळखलं होतं. म्हणजे 14 दिवस मोजायचे ते येणाऱ्या पाळीपासून मागे. 28 दिवसांची पाळी असेल तर उत्तर 14वा दिवस येतं. हिच्या 35 दिवसांत ते 21व्याच्या आसपास येणार. मग 21व्या दिवशी रक्त घेतलं तर प्रोजेस्टेरॉन वाढलेलं दिसणार कसं? ते अंडं फुटल्यानंतरच चढतं, आणि तपासायचं ते पाळी अपेक्षित असेल त्याच्या सुमारे 7 दिवस आधी. हिच्यासाठी 28वा दिवस.

हे ऐकून ती रडायला लागली. मी थांबले. इतके दिवस तिनं तो कागद पर्समध्ये बाळगला होता.

पांढऱ्याचं मी त्याच दिवशी बोलले, कारण माझ्या मते बायकांवर सगळ्यात जास्त अन्याय या एका गैरसमजानं होतो. गर्भाशयाच्या मुखातून येणारा स्राव महिन्याभरात बदलत जातो. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडे, मग डिंकासारखं चिकट, मग पेजेच्या निवळीसारखं पांढरट, आणि अंडं फुटायच्या आधीचे दोन-तीन दिवस पारदर्शक, निसरडं, ताणलं तर तार धरणारं. हा शेवटचा स्राव शुक्राणूंना पोसतो. त्यात ते 5 दिवसांपर्यंत जगू शकतात, अंडं मात्र जेमतेम 12 ते 24 तास. म्हणून दिवस राहायला उपयोगाचे सगळे मिळून 6 दिवस असतात, अंडं फुटतं तो आणि त्याआधीचे 5. खाज, आग, दुर्गंधी, दह्यासारख्या गुठळ्या किंवा हिरवा-पिवळा रंग असेल तर तो आजार, डॉक्टरांकडे जायलाच हवं. हिला यातलं काहीच नव्हतं.

मी स्वतः हे एका ख्रिस्ती नर्सताईंकडून शिकले. मेलबर्नच्या बिलिंग्ज डॉक्टर दांपत्यानं 1950च्या दशकापासून घडवलेली ही पद्धत. आपल्याकडे ख्रिस्ती जोडप्यांना लग्नाआधीच्या वर्गात या विषयाची थोडी तरी ओळख होते. आमच्या घरांत मुलीला फक्त "बाहेरची झालीस, देवाकडे जाऊ नकोस" एवढंच सांगतात. नर्सताई अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं उदाहरण द्यायच्या. ही शाकाहारी घरातली, तिला ते डोळ्यांपुढे येईना. मी म्हटलं, भेंडी कापताना सुरीला तार येते ना? तशी. तिचा चेहरा उजळला. "मग हे तर मला दर महिन्याला असतं!"

नोंद ठेवायला गणिताची चौकटींची वही घ्यायला सांगितली. आधी ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर टिंब करायची आणि ते अख्ख्या घराला कळायचं. तापमानासाठी वेगळं काही आणलं नाही. घरातल्या डिजिटल थर्मामीटरवर फॅरनहाइटचा एक दशांश दिसतो, तेवढं पुरतं. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आत, चहाच्याही आधी, रोज एकाच वेळी जिभेखाली. आधी निदान 3 तास सलग झोप हवी. ताप असेल, जागरण झालं असेल, तर त्या टिंबाभोवती गोल करायचा.

पहिल्या महिन्यात 97.1 ते 97.4 असं खालीवर होत राहिलं. 22व्या दिवशी 97.8, मग 97.9, मग 98. आधीच्या सहाही टिंबांपेक्षा वर अशी तीन टिंबं ओळीनं आली की अंडं फुटून गेलं असं धरतात. पाळी आली 35व्या दिवशी. ताणणारा स्राव 18 ते 21 दिसला होता. एक गोष्ट मी तिला पुन्हापुन्हा सांगितली: तापमान झाल्यावर कळवतं, वेळ आल्याचं कळवतो तो स्राव. मूल हवं असेल तर तार दिसली की थर्मामीटरची वाट बघायची नाही.

दुसऱ्या महिन्यात, गणेशचतुर्थीच्या तोंडावर, तिचा फोन आला. "मॅडम, पाळी नेमकी चवथीला येणार. पुढे ढकलायची गोळी घेऊ का? माटोळी बांधायची, नेवऱ्या करायच्या, सासूबाई..." त्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. दिवस राहिले असण्याची शक्यता असताना तर मुळीच नाही, आणि तक्त्याचाही घोटाळा होतो. मी म्हटलं, वही उघड. या खेपेला तापमान 24व्या दिवशी चढलं होतं. गेल्या महिन्यात चढल्यावर 13 दिवस टिकलं होतं. चवथ येत होती 33व्या दिवशी. "चोवीस आणि तेरा, सदतीस!" ती स्वतःच ओरडली. गोळी घेतली नाही. पाळी 37व्या दिवशी आली, गणपती कधीच विसर्जित झाला होता. त्याच खेपेला 30व्या दिवशी रक्त तपासलं. प्रोजेस्टेरॉन 11, म्हणजे अंडं फुटलं होतं.

आता नवऱ्याकडे वळते. 14 महिन्यांत त्याची एकही तपासणी झाली नव्हती. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, बाईचं वय 35च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी, दोघांचीही तपासणी एकदम व्हायला हवी. वहीनं हे काम होत नाही. त्याची वीर्यतपासणी झाली, शुक्राणूंची हालचाल कमी निघाली. डॉक्टरांनी तंबाखू सोडायला सांगितली आणि 3 महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाले. तो गप्प होता. निघताना एवढंच म्हणाला, "घरी मी सांगेन, ही नको."

बहिणीला आठवून तिनं मध्येच विचारलं होतं, मूल नको असेल तर हेच चालेल का? त्यासाठी पाळीचे दिवस मोजायची 32 मण्यांची माळ असते, तिच्यात 8 ते 19 हे दिवस टाळायचे. पण ती 26 ते 32 दिवसांच्या पाळीलाच लागू पडते, हिच्यासारखीला नाही. काटेकोर पाळली तरी वर्षाला 100 जणींत सुमारे 5 जणींना दिवस राहतात, रोजच्या व्यवहारात सुमारे 12 जणींना. पाळी फार अनियमित असेल किंवा नवरा ऐकणारा नसेल तर मी दुसरं साधन सुचवते.

अजून दिवस राहिलेले नाहीत. दुसरी वीर्यतपासणी व्हायची आहे. गेल्या आठवड्यात ती आली तेव्हा सोबत धाकटी नणंद होती, कॉलेजात जाणारी. पांढरं जातं म्हणून टॉनिक पीत होती. मी तोंड उघडायच्या आत वहिनीनं तिच्याकडे वळून विचारलं, "भेंडी कापलीस ना कधी?"