चॅसिस क्रमांक प्रमाण की इंजिन क्रमांक?

प्रश्न : माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, दहा टायरांचा जीएमसी लष्करी ट्रक आहे. त्याची माहितीपट्टी हरवली आहे आणि इंजिनावरचा क्रमांक कागदपत्रांशी जुळत नाही. हा ट्रक नेमका कोणता, हे कसे ओळखावे?

उत्तर : इंजिन क्रमांक जुळला नाही म्हणून खचून जाऊ नका. झिजलेले इंजिन उतरवून त्याजागी दुरुस्त केलेले दुसरे बसवणे हे लष्करी वर्कशॉपमधले नित्याचे काम होते, त्यामुळे तो क्रमांक त्या इंजिनापुरताच बोलतो. वाहनाची ओळख चॅसिसवरच्या क्रमांकाने ठरते.

आपला ट्रक बहुधा अडीच टनी 'सीसीकेडब्ल्यू' असावा. या नावातला पहिला 'सी' १९४१ च्या आराखड्याचा, दुसरा बॉनेट पुढे असलेल्या केबिनचा, 'के' पुढच्या चाकांनाही शक्ती मिळते याचा आणि 'डब्ल्यू' मागच्या दोन चालत्या ॲक्सलांचा. या अक्षरांपुढचा ३५२ हा आकडा आखूड आणि ३५३ हा लांब चॅसिस दाखवतो. पुढच्या ॲक्सलच्या मध्यापासून मागच्या दोन ॲक्सलांच्या मधल्या बिंदूपर्यंत फीत धरा : १४५ इंच भरले तर ३५२, १६४ भरले तर ३५३. क्रमांक गंजून गेला असला तरी हे माप बदलत नाही, म्हणून मी नेहमी आधी फीत काढायला सांगतो.

क्रमांक शोधताना ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश मुळीच लावू नका. उथळ ठसा एकदा घासला गेला की तो परत मिळत नाही. रंग काढण्याचे द्रावण आणि कापड वापरून थर हळूहळू उतरवा, मग खडू चोळून बाजूने तिरपा प्रकाश टाका. बॉनेटवर जुन्या रंगाखाली ४ ने सुरू होणारा आकडा सापडला, तर तो अमेरिकी सैन्याचा अडीच टनी ट्रकांसाठीचा नोंदणी क्रमांक समजावा. चॅसिस क्रमांकाशी त्याची गल्लत करू नये.

इंजिनाचे वयही कळू शकते. जनरल मोटर्सच्या ओतीव ब्लॉकवर 'ए' ते 'एल' यांपैकी एक अक्षर महिना दाखवते, त्यानंतर तारीख आणि वर्षाचा शेवटचा अंक येतो. 'सी १२ ३' म्हणजे १२ मार्च, आणि वर्ष १९४३ किंवा १९५३. ब्लॉक ट्रकपेक्षा नंतरचा निघाला, तर इंजिन बदललेले आहे हे निश्चित. तरीही कागदांशी मेळ बसावा म्हणून नवा क्रमांक ठोकू नका. दोन्ही मूळ ठशांची छायाचित्रे काढून ती कागदपत्रांसोबत ठेवा.