पायथॉनच्या क्लासमध्ये अ‍ॅट्रिब्यूटचा टाइप चेक कुठं करायचा?

तुम्ही म्हणताय क्लासमध्ये वजन: फ्लोट (दशांश आकडा) लिहिलंय तरी स्ट्रिंग (मजकूर) गपचूप आत जातंय, मग प्रत्येक मेथडमध्ये इझइन्स्टन्स (टाइप तपासणारं फंक्शन) लावू काय. नको की! व्हॅल्यू आत येते तिथंच एकदा अडवायची, पुढं कुणी परत विचारायचं नाही.

तुम्ही लिहिलाय तो नुसता हिंट, अ‍ॅट्रिब्यूटला असा लिहायची सोय पायथॉन ३.६ पासून (२०१६) आलीय पण रन होताना तो कोण बघत नाही, डेटाक्लास (इनिट वगैरे आपोआप लिहून देणारा क्लास) वापरला तरी तेच. मायपाय (कोड न चालवता हिंट तपासणारं टूल) आधी चुका दाखवतंय खरं, पण फॉर्ममधनं किंवा सीएसव्हीतनं काय येणार ते त्याला कसं कळणार? आमच्याकडं बेळगावच्या उद्यमबागात फाउंड्रीच्या बिलात वजन '१२' स्ट्रिंग आणि रेट ३ असला तर उत्तर ३६ नाही, '१२१२१२' येतंय आणि एरर पण नाही, रेट ३.५ असला तरच टाइपएरर येतो.

म्हणून वजनाची प्रॉपर्टी करा आणि तिच्या सेटरमध्ये (वजनात व्हॅल्यू टाकताना दरवेळी चालणारी मेथड) चेक घाला. फक्त इनिटमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारी मेथड) पण सेल्फ.वजन असंच लिहायचं, सेल्फ.अंडरस्कोर वजन लिहिलात की सेटर बाजूला राहतोय आणि चेक लिहून उपयोग शून्य. दहाबारा अ‍ॅट्रिब्यूट असले तर डिस्क्रिप्टर (हाच चेक असलेला वेगळा क्लास, सगळ्या अ‍ॅट्रिब्यूटला लावता येतो) एकदाच लिहा.

चेक लिहिताना नुसतं फ्लोट विचारू नका, १२ हा इंट (पूर्णांक) आहे तो बाहेर पडतोय, इंट-फ्लोट दोन्ही द्या. आणि बूल (ट्रू-फॉल्स) आधी वेगळा काढा, कारण बूल हा इंटचाच पोरगा, ट्रू दिलात तर १ किलो म्हणून निवांत आत जातोय. उणे ५ किलो टाइपनं बरोबरच असतंय, तिथं व्हॅल्यूएरर द्यायचा, टाइपएरर नाही.

आता आपल्या भागातली गंमत, इकडं कोण मराठी आकडे टाइप करतंय, कोण कन्नड. त्यासाठी टेबल बनवत बसू नका, पायथॉनचा इंट आणि फ्लोट दोन्ही आकडे सरळ वाचतात. पण १,२५० असा कॉमा आला की व्हॅल्यूएरर, तो आधी काढायचा. हे सगळं कन्व्हर्जन फॉर्म वाचताना करा, सेटरमध्ये नाही, सेटरनं फक्त हो किंवा नाही म्हणायचं.

पायडँटिक (डेटा तपासणारी लायब्ररी) पण आहे, पण ते स्ट्रिक्ट मोड लावल्याशिवाय '12' या स्ट्रिंगचं स्वतःच 12 करून घेतंय, आणि एकदोन क्लाससाठी मी तरी ते घालणार नाही.