सुई दिसली की पोरगी लपते, रक्त कसं द्यायचं?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही कुरखेडा तालुक्यातले. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, शाळेत बोटातलं रक्त घेऊन सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली त्यात तिचं पॉझिटिव्ह आलं, आता आशाताई म्हणते दवाखान्यात नेऊन हाताच्या शिरेतलं रक्त द्या म्हणजे पक्कं समजते, मला आणि तिच्या बाबांना पण द्यायला सांगितलं. पण सुईचं नाव काढलं की ती धानाच्या पोत्यांमागे जाऊन लपते. मागच्या वर्षी कपाळाला टाके घालायचे होते तेव्हा फक्त पट्टी लावतात असं सांगून नेलं होतं आणि तिथं तिघांनी दाबून धरलं. सासूबाई म्हणतात सांगूच नको, बाजाराला चाललो म्हण. काय करू? रिपोर्टची मलाच भीती वाटून राहिली.

उत्तर : ताई, बाजाराचं सांगून नेऊ नका. सासूबाई मायेनंच म्हणतात, पण तुमची पोरगी सुईपेक्षा त्या पट्टीच्या थापेला जास्त घाबरलेली आहे असं मला तुमचं पत्र वाचून वाटते. आणि सिकलसेलचं असं आहे की हे रक्त शेवटचं नसेल, पुढे तपासण्या लागल्या तर तिला परत परत तिथं न्यावं लागेल, मग आज फसवून काम झालं तरी पुढच्या वेळी ती घरातूनच निघणार नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी सांगा. आठ दिवस आधी नको, ती आठ दिवस झोपणार नाही. सरळ सांगा की उद्या आपण तिघंही रक्त द्यायला जाऊन राहिलो, टोचताना दुखते, पण थोडा वेळ, जांभळ्या झाकणाची छोटी नळी असते त्यात चहाच्या अर्ध्या चमच्याएवढं रक्त घेतात आणि तेवढं अंगात परत तयार होते. "एकदाच टोचतील" असं वचन मात्र देऊ नका हं, लेकरांची शीर कधी कधी पहिल्यांदा सापडत नाही. दंडाला रबरी पट्टा बांधतात त्यालाच पुष्कळ पोरं सुईपेक्षा जास्त घाबरतात, म्हणून घरी ओढणी हलकीशी बांधून दाखवा, तिला तुमच्या दंडाला बांधू द्या, बाहुलीचं रक्त घेऊ द्या, तीच डॉक्टर.

सकाळी उपाशी नेऊ नका, या तपासणीला उपाशीपोट लागत नाही, उलट उपाशी लेकराला चक्कर येते. पाणी भरपूर पाजा, शीर चांगली दिसते, थंडी असेल तर हात झाकून गरम ठेवा.

तिथं गेल्यावर आधी तुम्ही द्या. तुम्ही स्वतः सुईला घाबरत असाल तर तिच्या बाबांना बसवा, कारण ती सुईकडे नाही, तुमच्या तोंडाकडे पाहणार आहे. तिची पाळी आली की तिला टेबलावर आडवं करू देऊ नका, सिस्टरला हात जोडून सांगा की मांडीवर घेऊन बसते. तिला आपल्याकडे तोंड करून मिठीत घ्या, एक हात तुमच्या काखेखालून मागे, दुसरा सिस्टरकडे. धरलेलंच असते, पण दाबून धरल्यासारखं वाटत नाही, मांडीवरचं लेकरू खरंच कमी झटापट करते. रक्त द्यायचं का असं विचारू नका, ती नाही म्हणेल आणि मग तुम्ही काय करणार? डावा हात की उजवा, पाहायचं की तोंड फिरवायचं, हे मात्र तिला ठरवू द्या. टोचताना गरम चहा फुंकतो तशी हळूहळू लांब फुंकर मारायला लावा. आणि "काही नाही होत, काही नाही होत" हे सारखं म्हणू नका, मोठी माणसं असं घोकायला लागली की लेकरांना वाटते नक्कीच काहीतरी होणार आहे. त्यापेक्षा शेळीच्या पिल्लाचं बोला, घरी जाऊन काय खायचं ते बोला. रडली तर रडू द्या, हात हलला नाही म्हणजे झालं. "इतकी मोठी होऊन रडते" असं तिथं कोणी म्हटलं तर त्यांना थांबवायचं काम तुमचं.

बधिर करायची क्रीम असते, रक्त घ्यायच्या साधारण तासभर आधी लावतात, दवाखान्यात विचारून पहा, मनानं आणून लावू नका. आणि फारच बिथरली तर थांबा, बाहेर फिरवून आणा, नाहीच जमलं तर दोन दिवसांनी परत या. टाक्यांना थांबता येत नव्हतं, याला येते.

आता तुमच्या भीतीचं. शाळेतल्या तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे आजारच आहे असं नसते, ती नुसती वाहक पण असू शकते, म्हणजे आजाराचा गुण आईबापांपैकी एकाकडूनच आलेला, रिपोर्टमध्ये त्याला एएस म्हणतात, आणि वाहक माणसं आपल्यासारखीच शेतात राबतात, संसार करतात. एसएस निघालं, म्हणजे तो गुण दोघांकडूनही आलेला, तर आजार आहे, पण गोळ्या आहेत, फॉलिक ॲसिड आहे, हायड्रॉक्सियुरिया आहे, डॉक्टर ठरवतील. हे समजायलाच हे रक्त लागते म्हणून टाळू नका. तोवर तिच्यादेखत रिपोर्टवर चर्चा नको, पोरं झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकतात.

रिपोर्ट आणायला तिला सोबत नेणार असाल तर निघण्याआधी आशाताईला विचारून घ्या की त्या दिवशी परत रक्त घेणार का. नसेल घ्यायचं तरच तिला सांगा, आज सुई नाही, फक्त कागद आणायचा आहे.