मूळ इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवलेली ट्रायम्फ टीआर६ घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की सत्तरच्या दशकातली एक टीआर६ (ब्रिटिश ट्रायम्फ कंपनीची स्पोर्ट्स कार) मनात भरली आहे, बॉडी आणि चासी चांगली आहे, पण मूळचं लुकास कंपनीचं इंजेक्शन (पेट्रोल दाबाने फवारणारी सिस्टिम) काढून कोणीतरी वेबर कंपनीचे तीन कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) बसवलेत. विकणारा म्हणतो, "यामुळे गाडी उलट सुधारलीच." तुम्हाला भीती वाटते की आपण अर्धवट गाडी गळ्यात घेतोय. माझ्याकडे बरीच वर्षं इंजेक्शनवाली टीआर६ आहे आणि ओळखीच्यांसाठी वेबरवाल्या गाड्याही मी पाहून दिल्या आहेत. माझं मत असं, की मूळ सिस्टिम नाही एवढ्यावरून ही गाडी सोडू नका. बदल पुरा केलाय की अर्ध्यावर सोडलाय, ते बघा. अर्ध्यावर सोडलेला असेल तर बॉडी कितीही चकचकीत असली तरी नको.

सगळ्यात आधी कमिशन प्लेटवरची, म्हणजे गाडीचा नंबर कोरलेल्या कंपनीच्या पट्टीवरची, पहिली दोन अक्षरं वाचा. टीआर६ ला इंजिन एकच, २४९८ सीसीचं सहा सिलिंडरचं, पण इंधन देण्याच्या पद्धती दोन. ब्रिटन आणि युरोपातल्या गाड्यांना इंजेक्शन होतं, तर अमेरिकेला गेलेल्या गाड्यांना तिथल्या प्रदूषणाच्या नियमांमुळे दोन स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर. सीपी म्हणजे सुरुवातीची, १५० बीएचपी (अश्वशक्ती) म्हणून विकली गेलेली इंजेक्शनची गाडी. सीआर म्हणजे १९७३ च्या मॉडेलपासूनची, मवाळ कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) आणि १२५ बीएचपीची. सीसी किंवा सीएफ असेल तर ती अमेरिकेसाठी बनलेली गाडी, आणि तिला कधी इंजेक्शन नव्हतंच! अमेरिकेतून परत आलेल्या अशा गाड्या भरपूर फिरतायत. अशा गाडीवर वेबर म्हणजे कार्बोरेटरच्या जागी कार्बोरेटर. तिथे "इंजेक्शन काढलं" ही गोष्ट विकणाऱ्याने ऐकीव सांगितली असणार. शिवाय तिचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते) कमी असतं, त्यामुळे वेबर बसवून १५० बीएचपी मिळतील अशी आशा धरू नका. इंजिनावरचा नंबरही प्लेटशी ताडून बघा. प्लेट सीपी आणि इंजिन सीसी असेल तर मामला इंधनापुरता राहिला नाही, इंजिनच बदललंय.

आता समजा प्लेट सीपी आहे. मग इंजेक्शन काढलं का असेल? या सिस्टिमचा इलेक्ट्रिक पंप डिकीत असतो आणि तो पेट्रोल साधारण १०० पीएसआय (दाब मोजण्याचं एकक) दाबाने पुढे ढकलतो. वापरून उरलेलं पेट्रोल मागे फिरतं. उन्हाळ्यात, टाकी तळाला गेलेली असताना पंप तापतो, पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी रस्त्यातच मान टाकते. त्यातून प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल मोजून देणारं मीटरिंग युनिट उघडायला धजावणारे मेकॅनिक कमी, त्यामुळे त्या काळात अनेकांनी कंटाळून इंजेक्शनच उपटून टाकलं. त्यांना मी दोष देत नाही. मात्र आज बॉशचा पंप आणि नीट कॅलिब्रेट केलेलं मीटरिंग युनिट घातलं तर ही सिस्टिम छान चालते. म्हणजे परत फिरायचा रस्ता बंद झालेला नाही.

खरी तपासणी बोनेट उघडल्यावर सुरू होते. वेबरला दाब लागतो जेमतेम ३ पीएसआय. १०० वरून ३ वर यायचं तर डिकीतला पंप बदलायला हवा, दाबाचा रेग्युलेटर हवा, आणि परतीची नळी एकतर वापरात हवी किंवा कायमची नीट बंद केलेली हवी. दाब जास्त झाला की कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई (पेट्रोलची पातळी राखणारी झडप) तो थोपवू शकत नाही, पेट्रोल वर येतं आणि ओघळतं. आणि या इंजिनात इनटेक (मिश्रण आत येण्याची वाट) व एक्झॉस्ट (धूर बाहेर जाण्याची वाट) हेडच्या एकाच बाजूला आहेत. कार्बोरेटरच्या थेट खाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड! तिथे टपकलेल्या पेट्रोलचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. टॉर्च घ्या आणि कार्बोरेटरच्या तळाशी, बँजो बोल्टच्या (पेट्रोलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) खाली तपकिरी ओघळांचे डाग शोधा. मध्ये उष्णता अडवणारा पत्रा आहे का बघा. रबरी नळी बोटांनी वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या किंवा ती चिकट लागली तर इथेनॉलमिश्रित पेट्रोलने तिला खाल्लंय असं समजा. नवी नळी काही मोठ्या खर्चाची गोष्ट नाही, पण मालकाने एवढंही केलं नसेल तर बाकी कामाचा अंदाज तुम्हीच बांधा. अपघात झाल्यास पंप आपोआप बंद करणारा इनर्शिया स्विच वायरिंगमध्ये आहे का, हे जरूर विचारा. तो बायपास केलेला असेल तर गाडी घेतल्यावर पहिलं काम तो पुन्हा जोडून घेण्याचं करा.

चालवून बघायला जाल तेव्हा मालकाला इंजिन थंड ठेवायला सांगा. आधीच तापवून ठेवलेल्या गाडीवरून काहीच कळत नाही. अर्धा तास चालवा, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. गरम असताना खूप वेळ स्टार्टर मारावा लागला तर खालच्या उष्णतेने फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतंय. मग वरच्या गिअरमध्ये २००० आरपीएमच्या आसपास ठेवून ॲक्सिलरेटर अगदी हळू दाबा. आयडल जेटकडून मेन जेटकडे (जेट म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) जाताना गाडी अडखळत असेल तर जेट कधी जुळवलेलेच नाहीत. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर जवळजवळ सगळ्याच वेबरवाल्या गाड्या झकास पळतात, आणि विकणारा तुम्हाला नेमकं तेवढंच दाखवतो.

परत आल्यावर डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर मिश्रण फार रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) आहे आणि पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतंय. असं हजारो किलोमीटर चाललेलं असेल तर रिंगा आणि बोअर गेलेच म्हणा. सहाही स्पार्क प्लग काढून ओळीने मांडा. सगळे फिकट तपकिरी असले तर उत्तम, दोन काळेकुट्ट आणि बाकीचे पांढरट असतील तर कार्बोरेटर आपसात जुळलेले नाहीत. कॉम्प्रेशन टेस्टचा (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजण्याचा) आग्रह धराच, एवढ्यालाही मालक तयार नसेल तर उठून या. आणि कार्बोरेटरमधल्या सुट्या भागांचे, म्हणजे चोक, मेन जेट, एअर करेक्टर यांचे नंबर विचारा. ज्याने रोलिंग रोडवर (चाकं रोलरवर फिरवून इंजिन तपासायच्या यंत्रावर) ट्यूनिंग करून घेतलंय त्याच्याकडे कागद असतो.

कधी कधी वेबरऐवजी आधुनिक थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त करणारे भाग) आणि ईसीयू (इंधन ठरवणारा छोटा संगणक) बसवलेला आढळतो. नीट केलेलं असलं तर मला ते वेबरपेक्षाही आवडतं, पण मॅपची (ईसीयूच्या सेटिंगची) फाइल, पासवर्ड आणि वायरिंगचा नकाशा हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

राहिली किंमत. जिथे इंजेक्शन हीच त्या मॉडेलची ओळख आहे, तिथे ते नसल्याचा फटका मोठा बसतो. बीएमडब्ल्यू २००२ टीआयआयचं कूगेलफिशर इंजेक्शन काढलेलं असेल तर जाणकार गिऱ्हाईक लगेच मागे सरतं. सीपी टीआर६ चंही थोडंफार तसंच. म्हणून विकणाऱ्याला विचारा, काढलेलं सामान कुठे आहे? मीटरिंग युनिट, तिन्ही थ्रॉटल बॉडी, सहा इंजेक्टर आणि त्यांच्या नळ्या, लिंकेज (ॲक्सिलरेटरचे जोडदांडे), एअर इनटेकचा डबा, हे सगळं खोक्यात बांधलेलं मिळालं तर ती गाडी मी मूळ गाडीच्या किमतीला, फार घासाघीस न करता घेईन. मीटरिंग युनिट कोरडं पडून राहिलं असेल तर त्याची सील कडक झालेली असणार, तो दुरुस्तीचा खर्च भावातून कापून घ्या. सामान नसेल तर बोलणी सुरू करण्याआधी या सगळ्या भागांचा एकत्र भाव एखाद्या टीआर स्पेशालिस्टकडून लेखी मागवा. तुम्ही मूळ सिस्टिम परत बसवा वा न बसवा, उद्या तुमच्याकडून घेणारा माणूस हाच हिशोब मांडून येणार आहे. आणि विमा उतरवताना बदल स्पष्ट लिहा, म्हणजे क्लेमच्या वेळी वाद नको.