‘नुसती गोळी’ दिली, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

‘केमो न देता गोळ्या देऊन घरी पाठवलं, म्हणजे आता काही उरलं नाही का?’ पेशंटना औषध समजावून सांगताना हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. विचारतो बहुधा मुलगा किंवा सून, तेही पेशंटला बाहेरच्या बाकावर बसवून. गेल्या पावसाळ्यात मात्र तो पेशंटनंच विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या मावशी, वय साठीच्या आत-बाहेर. मुलानं आधी फोनवर बजावलं होतं, ‘आईसमोर कॅन्सर हा शब्द नको.’ कॅन्सरच्या ओपीडीबाहेर चार वेळा बसून आलेल्या बाईपासून कोण काय लपवणार? खुर्चीत टेकल्या टेकल्या त्या म्हणाल्या, ‘बाय, खरें सांग. शेजारच्या वहिनीला बांबोळीच्या हॉस्पिटलात केमो चालू होती, केस गेले, उलट्या झाल्या, पण काहीतरी चाललंय असं दिसत तरी होतं. मला रोज एक गोळी. तापाला देतात तशी.’

निदान फुप्फुसाच्या कॅन्सरचं होतं, चौथी स्टेज. आयुष्यात कधी विडी ओढलेली नाही, म्हणून आधी कोणाला खरंच वाटेना. बायोप्सीच्या तुकड्यावर जनुकांची तपासणी झाली, तिचा रिपोर्ट यायला दोनेक आठवडे लागले आणि ते दिवस त्या घरानं जीव मुठीत धरून काढले. रिपोर्टमध्ये ‘ईजीएफआर म्यूटेशन’, म्हणजे ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल, सापडला. भारतात ज्या प्रकारचा फुप्फुसाचा कॅन्सर सर्वांत जास्त दिसतो, त्यात साधारण चौथा ते तिसरा हिस्सा पेशंटमध्ये हा बदल आढळतो. सिगारेट न ओढणाऱ्यांत आणि बायकांत जास्त.

मी त्यांना सांगितलं, की मावशी, गोळी मिळाली ती काही उरलं नाही म्हणून नव्हे, रिपोर्टमध्ये नेमकं काहीतरी सापडलं म्हणून. पेशीवर वाढीचा एक खटका असतो. चांगल्या पेशीत तो हवा तेव्हा चालू होतो, काम झालं की बंद. या बदलामुळे तो चालूच अडकून राहतो आणि पेशी वाढत सुटते. तुमची ही जेफिटिनिबची गोळी पेशीच्या आत जाऊन त्याच खटक्याच्या खाचेत बसते. केमो झपाट्यानं वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना झोडपते, त्यात केसांच्या मुळांसारख्या चांगल्याही आल्या. गोळीचा रोख त्या एका खटक्यावर असतो. आणि ज्याच्या पेशीत तो बिघाडच नाही, त्याला ही गोळी देऊन उपयोग नाही. मुलाच्या मित्राच्या वडिलांना फुप्फुसाचाच कॅन्सर असून ही गोळी का दिली नाही, याचं उत्तर त्यात आलं.

नेमका बिघाड शोधून त्यावर गोळी देण्याचा हा रस्ता कालपरवाचा नाही. रक्ताच्या एका कॅन्सरवर, सीएमएलवर, इमॅटिनिबची गोळी २००१ साली आली आणि त्या आजाराचं रूपच पालटलं. आपल्याकडे १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या औषधाचं पेटंट नाकारलं, म्हणून भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात टिकल्या. मुलाला हे ऐकून बरं वाटलं. मावशी खिडकीबाहेरचा पाऊस बघत होत्या.

तेव्हा मी माझी नेहमीची उपमा काढली. म्हटलं, हे कुलूप-किल्लीसारखं आहे. गोळी त्या कुलपात अशी बसते की खरी किल्ली आत जातच नाही. मावशींनी मान डोलावली. मला वाटलं, समजलं.

गणपतीची चवथ उलटून गेल्यावर मुलाचा फोन आला. आईनं नऊ दिवस गोळी घेतलेली नाही.

झालं होतं असं. दुसऱ्या आठवड्यात तोंडावर, नाकाच्या बाजूंना, छातीवर पुरळ उठलं. पोरींच्या मुरमांसारखं, पण खाजणारं. चवथीला घर पाहुण्यांनी भरणार. शेजारणींनी ‘कसलं औषध हे, अंगावर उठलंय’ म्हणून सुरुवात केली. मावशींनी माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधायच्या आदल्या दिवशी गोळ्यांची पट्टी उचलून कपाटात ठेवली. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, ‘तूच म्हणालीस ना कुलूप? एकदा लावलं की लागलं. दोन महिने घेतली की मी.’

मला काय बोलावं कळेना. चूक माझी होती. कुलूप एकदा लागलं की माणूस निर्धास्त झोपतो. गोळीचं तसं नाही. शरीर ती रोज बाहेर टाकत असतं, म्हणून ती रोज लागते. आणि पुरळाबद्दल मी आधी एक शब्द बोलले नव्हते. ‘नेमकं औषध’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘त्रास नसलेलं औषध’ ऐकू येतं. तो खटका आपल्या कातडीतही असतो, आतड्याच्या अस्तरातही. म्हणून पुरळ, जुलाब, नखांच्या कडा दुखणं हे या गोळीचे ओळखीचे त्रास. डॉक्टरांनी मलम आणि काही दिवसांची दुसरी गोळी दिली, ऊन टाळायला सांगितलं, पुरळ आटोक्यात आलं. गरज पडली तर डॉक्टर स्वतःच औषधाला काही दिवस खंड देतात, पण तो त्यांनी मोजूनमापून दिलेला खंड असतो. अचानक दम लागू लागला किंवा कोरडा खोकला वाढला तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा. क्वचित या औषधानं फुप्फुसालाच सूज येते.

बोलता बोलता आणखी दोन गोष्टी निघाल्या. चवथीच्या जेवणांनी जळजळ झाली म्हणून मावशी रोज ॲसिडिटीची गोळी घेत होत्या. पोटातलं आम्ल फार कमी झालं की जेफिटिनिब नीट शोषलं जात नाही, म्हणून ती डॉक्टरांना विचारून बदलून घेतली. आणि कोणीतरी पाठवलेला काढा. काढ्याचं मी वाईट बोलत नाही, पण त्यात काय काय आहे हे पाठवणाऱ्यालाही सांगता येईना, तेव्हा तो बंद. माटोळीचं पपनस उतरवून खायचं मनात होतं, तेही थांबवलं. त्याच्या जातीचं ग्रेपफ्रूट अशा औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतं.

मग मावशी स्वतःच म्हणाल्या, ‘म्हणजे कुळागरातल्या, आपल्या माडा-पोफळीच्या बागेतल्या, पाटासारखं. पाण्याला चिखलाचा बांध घालतो आपण. रोज बघावं लागतं. एक दिवस नाही बघितलं तर पाणी खातं त्याला.’

इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी म्हटलं, अगदी तसंच.

‘आणि दुसरीकडून फुटलं तर?’

मुलगा चुळबुळला. मी खरं ते सांगितलं. ही गोळी आजार मुळासकट काढत नाही, दाबून ठेवते. बऱ्याच जणांत वर्षभराच्या आसपास पेशी वाट काढतात. पुष्कळदा त्याच खटक्यात टी७९०एम नावाचा नवा बदल होतो. तो रक्ताच्या तपासणीतही सापडू शकतो, आणि सापडला तर त्याच्यावर ऑसिमर्टिनिब ही वेगळी गोळी आहे. नाही सापडला तर केमो अजून हाताशी आहेच.

‘मग खोरं अंगणातच असू दे,’ मावशी म्हणाल्या, आणि मुलाला विचारलं, साखळीची बस किती वाजता आहे.